आंब्याची पेटी, दुध्याचा रस आणि तुमचं ताट

पत्र असं आहे (मोठं होतं, थोडक्यात देते):

"ताई, नमस्कार. मी चिंचवडला राहते, माहेर अमरावतीचं. घरात सासू-सासरे, मिस्टर आणि अकरा व सहा वर्षांची दोन मुलं. सासऱ्यांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. देवगडहून नात्यातल्यांनी पाच डझनांची पेटी पाठवली आणि त्या दिवसापासून घरात रोज वाद. सासूबाई म्हणतात, आंबा उष्ण, पोरांना गळवं येतील. डॉक्टरांनी 'गोड बंद' सांगितलंय म्हणून आम्ही बाबांना आंबा देत नाही, पण परवा रात्री साडेअकराला ते दिवा न लावता ओट्यापाशी उभे राहून आंबा खाताना दिसले. मला फार वाईट वाटलं. मुलांना डब्यातला ज्यूस हवा, कलिंगड नको. मिस्टरांचं वजन वाढलंय म्हणून फोनवर पाहून मी त्यांना रोज सकाळी दुध्याचा कच्चा रस देते. परवा तो जरा कडवट लागला. दुधी, दोडका, पडवळ ताटात दिसलं की सगळे नाक मुरडतात. कोणी सांगतं फळ जेवणानंतर विष, कोणी सांगतं दुधाबरोबर नको. कापल्यावर काही आंबे आतून पांढरे आणि दडदडीत निघाले, ते औषध मारलेले आहेत का? मी काय उरेल ते संपवते, माझं काही नाही. पण हा उन्हाळा नीट कसा काढायचा ते सांगा."

नमस्कार.

आंब्याकडे येतेच, पण आधी तो दुध्याचा रस. उद्या सकाळपासून बंद करा. "जरा कडवट लागला" हे वाक्य वाचून मी पत्र खाली ठेवलं. दुधी, काकडी, दोडका ही सगळी एकाच कुळातली वेलभाजी. या कुळात कुकुरबिटासिन नावाचं कडू द्रव्य असतं. एरवी ते नगण्य असतं, पण एखाद्या फळात ते इतकं वाढतं की पोटात गेल्यावर थोड्या वेळात उलट्या, जुलाब, पोटात मुरडा, कधी रक्ताची उलटी आणि रक्तदाब कोसळणं असा प्रकार होतो. अशा रसाने आपल्या देशात माणसं दगावली आहेत. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने यासाठी समिती नेमली होती. तिचा सल्ला साधा होता: दुध्याचा लहान तुकडा आधी चाखा, कडू असेल तर टाका, रस केलाच तर त्यात दुसरा रस मिसळू नका, आणि प्यायल्यावर त्रास झाला तर थेट रुग्णालय गाठा. दुसरा रस का मिसळायचा नाही? लिंबू, आलं, पुदिना घातला की कडूपणा जिभेला कळत नाही. फोनवरच्या कृतीत नेमकं हेच सगळं घालायला सांगितलेलं असतं.

आणखी एक. शिजवल्याने हा कडूपणा जात नाही. म्हणून भाजीसाठी दुधी चिरतानाही एक कण जिभेवर ठेवायची सवय लावा. काकडीचंही तसंच. देठाकडचं टोक कापून, चोळून, फेस काढून झाल्यावरही कडू लागली तर ती मुकाट्याने टाकायची. पैसे गेले म्हणून खायची नाही. आणि वजन रसाने उतरत नाही. रस गाळल्यावर जो चोथा तुम्ही टाकता, पोट भरल्याची जाणीव त्यानेच होते. मिस्टरांना दुधी जरूर द्या, पण शिजवून आणि चावून खायला.

आता बाबा.

रात्री साडेअकराचा तो आंबा माझ्याही डोळ्यांपुढून हलत नाही. गेल्या बावीस वर्षांत मी हे कितीतरी घरांत पाहिलं. माझ्या स्वतःच्या घरातही. माझ्या वडिलांना निदान झालं तेव्हा मी आहारशास्त्र शिकत होते आणि नव्या ज्ञानाच्या भरात मी त्यांचा आंबा पूर्ण बंद केला. ते शेजारच्या काकांकडे जाऊन खायचे. घरी आल्यावर हाताला वास यायचा आणि आम्ही दोघंही काही बोलायचो नाही. पुढे शिकत गेले तसं कळलं की मी त्यांच्या साखरेचंही भलं केलं नव्हतं. चोरून खाल्लेला आंबा सगळ्यात वाईट पद्धतीने खाल्लेला असतो. रात्री दोन पोळ्या आणि भात झाल्यावर, अख्खा, कधी दोन, घाईघाईने, आणि त्यानंतर थेट झोप.

आकडे सांगते. एका मध्यम हापूसचा गर साधारण दीडशे ग्रॅम भरतो. त्यात वीस ते पंचवीस ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणजे एका पोळीच्या आसपास किंवा जरा जास्त. म्हणून प्रश्न "आंबा द्यायचा की नाही" हा नाहीच. त्याच्या बदल्यात ताटातून काय उचलायचं, हा आहे. दुपारच्या जेवणात बाबांना अर्ध्या आंब्याच्या फोडी द्या आणि त्या दिवशी एक पोळी कमी करा. भातही असेल तर तो दोन घासांवर आणा. सोबत वरण, उसळ किंवा दही असू द्या, भरपूर कोशिंबीर असू द्या, म्हणजे साखर रक्तात सावकाश चढते. दिल्लीतल्या मधुमेहतज्ज्ञांचा एक छोटा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मधुमेही लोकांना सकाळी पावाच्या बदल्यात आंबा दिला आणि आठ आठवड्यांत त्यांची साखर बिघडली नाही. पण नीट वाचा: पावाच्या बदल्यात. पावाशिवाय आणखी, असं नव्हे.

रस मात्र बाबांना नको. वाटीभर आमरसाला एक-दीड आंबा सहज लागतो, वर साखर पडते, आणि तो चावावा लागत नाही म्हणून दुसरी वाटी कधी संपली ते कळतही नाही. पुऱ्या असल्या तर बोलायलाच नको. फोडी द्या, किंवा बाठा चोखायला द्या. बाठ्याला वेळ लागतो आणि समाधान मोठं असतं.

हे सुरू करण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना एक फोन करा. त्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर आत्ता फार चढलेली असेल तर आधी ती खाली आणावी लागेल. मूत्रपिंडाचा काही त्रास निघाला असेल तर आंबा, शहाळं, टोमॅटो, पालेभाज्या या सगळ्यांतलं पोटॅशियम डॉक्टर मोजून देतील, तिथे माझा सल्ला चालवू नका. दोन्ही नसेल, तर आंबा खाल्ल्याच्या दिवशी जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी घरच्या यंत्रावर साखर बघा आणि वहीत लिहा. न खाल्ल्याच्या दिवशीही बघा. चार-पाच नोंदींत तुम्हाला बाबांचं माप कळेल. ते माप त्यांच्या शरीराचं असेल, शेजाऱ्यांच्या किंवा माझ्या वडिलांच्या शरीराचं नव्हे. आणि हो, गोळी या कारणासाठी स्वतः वाढवायची नाही, कमीही करायची नाही.

सासूबाईंचं म्हणणं उडवून लावू नका. त्या आंबे तास-दोन तास पाण्यात घालून ठेवायला सांगत असतील, तर ते बरोबरच आहे. देठाजवळचा चीक त्वचेला झोंबतो, तोंडाभोवती पुरळ उठवतो, तो धुतला जातो. देठाकडचा भाग कापून पहिले दोन थेंब पिळून टाकायची जुनी पद्धतही त्यासाठीच. गळवं मात्र घाम, मळ आणि त्वचेवरचे जंतू यांनी होतात. ती आंब्याच्या दिवसांतच येतात कारण घामाचे दिवसही तेच असतात. मुलांना संध्याकाळी आंघोळ घाला, सुती कपडे घाला आणि दिवसाला एक आंबा खुशाल द्या. सासूबाईंना सांगा, आंबा तुम्ही भिजवाल तेव्हाच पोरं खातील. त्यांचा मान राहतो आणि कामही होतं.

आतून पांढरट, दडदडीत निघालेला आंबा म्हणजे साका. कोकणात कोणालाही विचारा. हापूसचाच तो दोष आहे, बाहेरून अजिबात दिसत नाही. झाडावर जास्त पिकू दिलेल्या फळात, तापलेल्या जमिनीच्या धगीने तो वाढतो. औषधाशी त्याचा संबंध नाही. तेवढा भाग कापून टाका, बाकीचा खा. पिकवण्याची काळजी असेल तर ती दुसरीकडे घ्यायला हवी. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला कायद्याने बंदी आहे, २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांतच ते लिहिलेलं आहे, कारण त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. इथिलीन वायूने ठरलेल्या मर्यादेत पिकवायला परवानगी आहे, फळ स्वतः पिकताना तोच वायू सोडतं. तुमची पेटी घरची आहे, पेंढ्यातली आहे, तेव्हा निश्चिंत राहा. तीच अढी कोपऱ्यात ठेवा, रोज हात फिरवून बघा, पिकलेले वरचेवर काढा, डागाळलेला लगेच वेगळा करा. कच्चे आंबे फ्रिजमध्ये ठेवू नका, ते पिकतच नाहीत, सुरकुततात.

आता ज्यावर मला खरं बोलायचं आहे ते. तुमच्या पत्रात आंब्याबद्दल दीड पान आहे आणि भाजीबद्दल दोन ओळी. तुमच्या घराची खरी अडचण त्या दोन ओळींत आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जी आहार मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यात मोठ्या माणसाच्या दिवसाच्या ताटात ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं सांगितली आहेत. फळ एवढंसं आणि भाजी चौपट. आता तुमच्या घराचा हिशोब करा. चार मोठे, दोन मुलं. दिवसाला दोन किलोच्या आसपास भाजी लागेल, पालेभाजी, कोशिंबीर, आमटीतला टोमॅटो सगळं धरून. मी रोज मंडईत बघते, सहा माणसांच्या घरची बाई अर्धा किलो दोडका घेते. तो सोलून, शिजून, आक्रसून डावभर उरतो. तो नकोसा वाटला नाही तर नवल. पातेल्याच्या तळाशी बसलेली, तेल सुटलेली, मसाल्याने काळवंडलेली भाजी आणि बाहेर चाळीस अंश. दुपारी एक वाजता त्या ऊन ऊन भाजीकडे बघून माझीही भूक मरते.

तुमच्या माणसांना भाजी नको आहे असं मला वाटत नाही. त्यांना गरम, तिखट, तेलकट काही नको आहे. उन्हाळ्यात जीभ आंबट, गार, कच्चं, पाणीदार मागते. आपल्या जुन्या स्वयंपाकाने नेमकं तेच करून ठेवलं आहे. चैत्रातल्या हळदीकुंकवाला आंबेडाळ आणि पन्हं का असतं? चैत्रात कैरी धरते आणि ऊन चढायला लागतं म्हणून. भिजवलेली हरभऱ्याची डाळ भरडायची, त्यात कैरीचा कीस, मीठ, मिरची, वरून हिंग-मोहरीची फोडणी. शिजवायचं काहीच नाही. प्रथिनं आहेत, क जीवनसत्त्व आहे, आणि वाटीभर खाल्लं तर पोट भरतं. आपण तिला वर्षातून एकदा करायचा पदार्थ करून टाकलं. आठवड्यातून दोनदा करा.

पडवळ घ्या. कोवळं पडवळ पातळ चकत्या करून मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवा, पिळून दह्यात घाला, वर दाण्याचं कूट आणि जिऱ्या-मिरचीची फोडणी. कोणाला सांगू नका हे पडवळ आहे म्हणून. लाल भोपळा वाफवून कुस्करा, दही, मीठ, किंचित साखर, हिंगाची फोडणी, झालं भरीत. ते फ्रिजमध्ये गार करून द्या. दुधी किसून वाफवून त्याचंही रायतं तसंच होतं. काकडी किसू नका, कोचवा. डाव्या हातात काकडी उभी धरायची, सुरीने उभे-आडवे घाव घालत जायचं आणि वरचा थर पातळ कापत उतरवायचा. किसलेली काकडी लगदा होते, कोचवलेली दाताखाली कुरकुरते. त्यात दाण्याचं कूट, ओलं खोबरं, लिंबू आणि मीठ अगदी वाढायच्या वेळी, नाहीतर पाणी सुटून बसेल. आधीच सुटलं तर ते पाणी थालीपिठाच्या पिठात जाऊ द्या.

दोडका सोलताना शिरा टाकत असाल तर तो दोडक्यातला चांगला भाग जातो आहे. शिरा बारीक चिरून लोखंडी तव्यावर थेंबभर तेलात कुरकुरीत होईपर्यंत परता. घाई करू नका, दहा मिनिटं लागतात, आधी त्या मऊ पडतात, मग हळूहळू कोरड्या होऊन करकरीत होतात आणि घरभर खमंग वास सुटतो. मग तीळ, सुकं खोबरं, हिरवी मिरची, मीठ. ही चटणी माझ्या ओळखीच्या कोणत्याही मुलाने नाकारलेली नाही. आणि दोडका घेताना नखाने बघा, नख अलगद रुतलं पाहिजे. दुध्यावर बारीक लव असली आणि नख रुतलं तर तो कोवळा. भेंडीचं टोक वाकवल्यावर कट्कन मोडलं पाहिजे, पण भाजीवालीला विचारून मोडा, तिचा माल असतो तो.

पालेभाज्या उन्हाळ्यात महाग होतात आणि दुपारपर्यंत मान टाकतात, हे खरं. पण चुका, लाल माठ, अंबाडी आणि घोळ मिळते. घोळीची भाजी तुम्ही माहेरी नक्की खाल्ली असेल. तिच्यात वनस्पतीजन्य ओमेगा-३ मेदाम्ल असतं, जे पालेभाज्यांत सहसा एवढं सापडत नाही. ती मुगाच्या डाळीत किंवा ताकात घालून करा. ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे त्यांनी घोळ, चुका, माठ बेताने खावा. चुक्याची आमटी उन्हाळ्यात काय लागते, भाताला तूप लावायचीही गरज वाटत नाही.

मुलांच्या ज्यूसबद्दल भांडू नका, दोन गोष्टी करून दाखवा. एका रविवारी घरीच मोसंब्यांचा एक पेला रस काढा आणि सालं शेजारी मांडून ठेवा. तीन-चार मोसंब्यांची सालं असतील. मग मुलाला विचारा, एका बैठकीला चार मोसंबी सोलून खाशील का? पोट नको म्हणतं, पण रस दोन घोटांत जातो, हे त्याला स्वतःलाच दिसेल. दुसरं, डब्याच्या मागचं बारीक अक्षर मोठ्या मुलाला वाचायला लावा. आंब्याचा गर किती टक्के आणि १०० मिलिलिटरमध्ये साखर किती ग्रॅम, हे तिथे लिहिलेलं असतं. चार ग्रॅमला एक लहान चमचा धरून त्याने वाटीत तेवढी साखर काढावी. अकरा वर्षांच्या मुलाला गणित करायला मजा येते आणि वाटीतला ढीग त्याच्या लक्षात राहतो. धाकट्याला त्याच्याकडूनच कळेल.

कलिंगड नको म्हणतात कारण बहुधा ते बेचव निघतं. तुमच्याकडे त्याला टरबूज म्हणतात, आणि अमरावतीच्या चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांत त्याची काय किंमत असते ते तुम्हाला मी सांगायला नको. घेताना खालचा डाग बघा, जिथे ते जमिनीवर टेकलेलं असतं. तो पांढरा असेल तर घाईने तोडलेलं, पिवळसर सायीसारखा असेल तर पिकलेलं. आकाराच्या मानाने जड हवं. त्यात नव्वद टक्क्यांवर पाणी असतं, म्हणून दोन फोडींनी बाबांचंही बिघडत नाही, पण अख्खं ताट नको. खरबुजाची साल जाळीदार असते, तिच्यात माती आणि जंतू बसतात आणि सुरीबरोबर आत जातात, म्हणून कापायच्या आधी साल घासून धुवा. कापलेलं फळ झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि त्याच दिवशी संपवा. रस्त्यावरच्या कापून ठेवलेल्या फोडी आणि उसाच्या रसातला बर्फ मात्र मुलांना देऊ नका. उन्हाळ्यात मुलांची पोटं बिघडण्यात यांचा वाटा फार मोठा आहे.

जेवणानंतर फळ म्हणजे विष, हे चूक. फळ पोटात सडत नाही, आपल्या जठरात आम्ल असतं. ज्यांचं पोट फुगतं त्यांनी चार वाजता खावं, इतकंच. दुधाबरोबर गोड, पिकलेला आंबा बहुतेकांना सोसतो. आयुर्वेदात आंबट फळ आणि दूध एकत्र नको म्हटलं आहे. सासूबाई ते पाळत असतील तर पाळू द्या, त्याने कोणाचं पोषण अडत नाही.

आंब्याच्या गर्दीत बाकीची फळं विसरू नका. ताडगोळे पुण्याच्या बाजारातही येतात. कोवळे घ्या, बोटाने दाबल्यावर लिबलिबीत लागतील असे. जून ताडगोळा पोटात दुखवतो. करवंदं द्रोणात येतात तोवर घ्या, ती थोड्याच दिवसांची असतात. कच्चा फणस आणून त्याची भाजी करा, पिकला तर गरे खाऊन आठळ्या टाकू नका, उकडून मीठ लावून मुलांना द्या. मेअखेर जांभळं सुरू होतील. ती बाबांना द्यायला छान, मूठभर. पण जांभळाच्या बियांच्या भुकटीवर गोळ्या सोडणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांचे परिणामही पाहिले आहेत. जांभूळ खायचं ते फळ म्हणून.

सरबतांचं काय? बाजारचं कोकम सरबत म्हणजे बव्हंशी साखरेचा पाक. त्यापेक्षा रात्री सहा-सात आमसुलं पेलाभर पाण्यात भिजत घाला, सकाळी कुस्करून गाळा, भरपूर पाणी, मीठ, जिरेपूड. लाल रंग असा येतो की मुलं विचारतात हे काय. कैरी भाजून किंवा उकडून तिचा गर काढून ठेवा. त्यातून मुलांना गूळ घालून पन्हं, बाबांना नुसतं मीठ-जिरं-पुदिना घालून. मिस्टरांचा रक्तदाब वाढलेला असेल तर त्यांच्या पेल्यात मीठ नावापुरतं.

स्वयंपाक सकाळी आठच्या आत उरका. भाजी, वरण, पोळ्या. कोशिंबीर तेवढी वाढायच्या वेळी, आणि ती करायला आग लागत नाही. काकडी कोचवायचं काम मोठ्या मुलाला द्या, मिस्टरांना कैरी किसू द्या. दुपारी बारा वाजता तुम्ही शेगडीपाशी असता कामा नये.

आता तुम्ही. सगळ्यांबद्दल तुम्ही तपशिलाने लिहिलंत, सहा वर्षांच्या मुलाला कोणत्या रंगाचा डबा आवडतो इथपर्यंत. आणि स्वतःबद्दल एक ओळ: "मी काय उरेल ते संपवते, माझं काही नाही." उरतं काय हे मला माहीत आहे. फोडी सगळ्यांना वाटून झाल्यावर बाठे, तळाचा भात, रात्रीची पोळी आणि कोशिंबिरीच्या भांड्यात सुटलेलं पाणी. त्याच दिवशी दोन किलो भाजी निवडायची, चिरायची, आणि चाळीस अंशांत पोळ्या लाटायच्या. तुमचं हिमोग्लोबिन शेवटचं कधी तपासलं होतं? हे मी सहज विचारत नाही. या महिन्यात तपासून घ्या, बाबांच्या साखरेची तपासणी असेल त्याच दिवशी, म्हणजे वेगळी खेप पडणार नाही.

आणि उद्यापासून पाने घेताना तुमचं ताट पहिल्यांदा वाढा. त्यात कोशिंबीर आधी, मग वरण, भाजी, आणि आंब्याची देठाकडची नव्हे, गालाकडची फोड. वाढून बाजूला झाकून ठेवा. मग बाकीच्यांची पानं घ्या. पहिले चार दिवस अवघड जाईल, सासूबाई काही बोलतीलही. त्यांना म्हणा, ताईंनी बाबांच्या पथ्यासाठी असं सांगितलंय. मीच सांगितलं आहे.

दोन आठवड्यांनी मला बाबांच्या नोंदींची वही आणि तुमच्या हिमोग्लोबिनचा आकडा कळवा. दोन्ही एकाच पत्रात. तोवर पेटीतले शेवटचे आंबे राहिले असतील, त्यांचं पुढे काय करायचं ते आकडे बघून सांगते.

तुमची,
ताई